घोटाच तर आहे!

१९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. आईनं सकाळीच घटाला पाचवी माळ बांधली होती. दुपारी मी ऑफिसात, फायलीच्या आडोशाला मोबाईल टेकवून वर्ल्डकपमधला भारत-बांगलादेश सामना बघत होतो. पुण्याजवळ गहुंजेला हार्दिक पंड्याची पहिलीच ओव्हर चालू होती. लिटन दासनं बॉल सरळ समोर मारला, यानं अडवायला उजवा पाय पुढे केला, तोल गेला आणि डावा घोटा अंगाखाली दुमडला. तीन बॉल टाकून तो लंगडत बाहेर गेला. उरलेले तीन चक्क कोहलीनं टाकले.

बडोद्यात हार्दिकचं काही झालं की ते घरातलं असतं. जन्म सुरतेकडचा असला तरी वाढला इथेच, किरण मोरेंच्या अकादमीत. त्याला नेटमध्ये बॉल टाकल्याचं सांगणारे आमच्या गल्लीतच तीन जण आहेत, त्यातला एक तर जेमतेम वीस वर्षांचा आहे. त्यामुळे संध्याकाळी जो तो फिजिओ झाला होता. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पूल ओलांडून अकोट्याला बॅडमिंटनला गेलो. माझं वय सत्तेचाळीस, आठवड्यातून चार दिवस डबल्स, आणि स्वतःबद्दल गैरसमज बरेच. जोडीदार गुजराती, वजन पंच्याण्णव किलोच्या वर. बुटाच्या नाड्या बांधताना मी जाहीर केलं, "घोटाच तर आहे. एक मॅच बसेल, लखनौला येईल." वॉर्म-अप करायचा कंटाळा केला, कारण हार्दिकवर बोलण्यातच दहा मिनिटं गेली होती.

तिसऱ्याच गेममध्ये मागे उडी मारून स्मॅश मारला आणि खाली आलो तो जोडीदाराच्या बुटावर. उजवं पाऊल आत वळलं आणि सगळं वजन बाहेरच्या कडेवर आलं. आवाज आला, ओली काटकी मोडल्यासारखा. तो मला एकट्यालाच ऐकू आला असावा, कारण शटल आत पडलं की बाहेर यावर पलीकडचे दोघं भांडत होते.

जोडीदारानं बूट न काढताच निदान केलं, "मचकोडाई गयो. कंई नथी थयुं, चालवा मांडो." मी चालायला लागलोही. हीच तर गंमत आहे, पहिली पंधरा-वीस मिनिटं चालता येतं. अंग गरम असतं, सूज यायची असते आणि चारचौघांत लाज असते. ॲक्टिवा चालवत घरी आलो, सिग्नलला डावा पाय टेकवत. आमचा जिना जुना, लाकडी आणि उभा. पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले.

त्यानंतरच्या बारा तासांत जे जे करू नये ते सगळं झालं. आत्या आलेली होती. तिनं तिळाचं तेल कोमट करून घोटा चोळला, चांगला रगडून. मी वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. आईनं आंबेहळद आणि तुरटीचा लेप दिला, तो त्यातल्या त्यात निरुपद्रवी. संध्याकाळी घोटा पुरीसारखा टम्म फुगला आणि हाड कुठे आहे ते बोटानं शोधावं लागलं. नंतर कळलं की आत लहान रक्तवाहिन्या फुटलेल्या असताना शेकणं आणि चोळणं म्हणजे रक्त आणि सूज दोन्हींना आमंत्रण. पहिले दोन-तीन दिवस यातलं काहीही करायचं नसतं. आत्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

आमच्या भागात मुरगळण्याचा विषय निघाला आणि माणिकरावांचं नाव निघालं नाही असं होत नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर घरापासून चालत पाच मिनिटांवर. राजरत्न प्रो. माणिकरावांची ख्याती जशी व्यायामाची, तशीच हाडं बसवण्याची. आजोबा तरुणपणी मल्लखांबावरून पडले होते आणि त्यांचा निखळलेला खांदा व्यायाममंदिरात बसवला, ही कथा मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. म्हणून शेजारचे काका म्हणाले, "अरे, कुणा जाणत्या हाडवैद्याकडून बसवून घे." दुसरे काका पायाळू माणूस शोधायला निघाले होते. पायाळू माणसाचा पाय कंबरेच्या उसणीला लावतात, घोट्याला नाही, हे आईनंच त्यांना सांगितलं.

बसवून घे या शब्दावर मी पुढे बराच विचार केला. निखळलेला सांधा बसवता येतो, कारण तो जागेवरून हललेला असतो. घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच निखळलेलं नसतं. हाडाला हाड धरून ठेवणारी लिगामेंट नावाची चिवट पट्टी ताणली किंवा फाटलेली असते. फाटलेलं कापड बसवणार कसं? ते विणूनच यावं लागतं, आणि ते काम शरीर आपल्या गतीनं करतं.

शनिवारी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे, आतल्या हाडामागे, मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "चार पावलं चाला." मी चाललो, पण बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबल्यावर ओरडलो होतो, म्हणून एक्स-रे निघाला. या दाबून बघण्याला नियम आहे, १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी बसवलेला. ठरावीक जागी हाड दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर फोटोची गरज सहसा पडत नाही. हे मला डॉक्टरांनी नव्हे, फिजिओताईंनी पुढे सांगितलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून "हाड शाबूत आहे" म्हटलं, पाच दिवसांच्या गोळ्या आणि क्रेप बँडेज लिहून दिलं, पुढचा पेशंट आत बोलावला. व्यायामाचा शब्दही नाही. आम्ही खुशीत घरी आलो. हाड मोडलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असा आपल्याकडे सरळ हिशोब असतो.

रविवारी, २२ तारखेला, अष्टमी आणि धर्मशाळेला न्यूझीलंडशी सामना. पाय छातीपेक्षा वर ठेवायचा होता. दिवाणावर तीन उशा रचल्या, त्यावर पाय, टाचेखाली दुलईची घडी, नडगीच्या बाजूनं टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. पंधरा मिनिटं बर्फ, दोन तास सुट्टी. थेट कातडीवर ठेवला तर कातडी जळते. सगळं जमून मी रिमोट हातात घेतला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पाय घटाकडे करून झोपलायस तू."

खरंच. घट टीव्हीच्याच भिंतीला होते. आठव्या माळेच्या समोर माझा निळा-जांभळा पाय तीन उशांवर, नैवेद्यासारखा. मी म्हटलं, "डॉक्टरांनी वर ठेवायला सांगितलाय." आई म्हणाली, "वर ठेव, पण तिकडे नको." मग दोघी-तिघींनी मला बसवूनच दिवाण फिरवला. आता पाय खिडकीकडे, डोकं घटाकडे आणि टीव्ही उजव्या खांद्याच्या मागे. शमीच्या पाच विकेट्स मी मान वळवून बघितल्या. कोहली ९५ वर बाद झाला तेव्हा मान अवघडली होती आणि घोटा बरा वाटत होता.

हार्दिकच्या जागी कोण, हा त्या दिवशीचा मोठा प्रश्न होता. एका माणसाच्या बदल्यात दोन लागले. बॅटिंगला सूर्यकुमार, बोलिंगला शमी, आणि शार्दूलही बसला. तोपर्यंत चार सामने बाहेर बसलेला शमी आत आला आणि सात सामन्यांत २४ बळी घेऊन स्पर्धेत पहिला ठरला. त्याची स्वतःची टाच त्या वेळीही दुखत होती, हे नंतर बाहेर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला त्याच्या टाचेमागच्या स्नायुबंधावर शस्त्रक्रिया झाली. एकाच्या घोट्यानं दुसऱ्याला जागा दिली आणि तो दुसराही दुखऱ्या पायावरच पळत होता.

माझ्या पायाचे रंग मात्र रोज बदलत होते. तिसऱ्या दिवशी जांभळा, सहाव्या दिवशी हिरवट, आणि डाग घोट्यावरून ओघळून टाचेपर्यंत उतरला. मुलगी फोटो काढून ठेवायची. दहाव्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, सूज जवळजवळ गेली. त्या दिवशी लखनौला इंग्लंडचा डाव १२९ वर आटोपला आणि मी आनंदानं उठून नाचायला गेलो. पाय पुन्हा आत वळला. पडलो नाही, पण घामाघूम झालो. हार्दिक लखनौला आलेला नव्हता. मीही कुठेच पोचलो नव्हतो.

सोमवारी बायको मला हाताला धरून फिजिओथेरपीला घेऊन गेली. फिजिओताई पंचविशीच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, पेशंटशी गुजरातीत आणि आईशी फोनवर अस्सल बडोदी मराठीत. त्यांनी आधी माझी काठी बघितली. मी ती उजव्या हातात धरली होती, दुखऱ्या पायाच्याच बाजूला, सिनेमात धरतात तशी. "काका, दुसऱ्या हातात. काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूला." मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दहा दिवस मी उलटं करत होतो आणि आमच्या जिन्याला शिव्या देत होतो.

त्यानंतर त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. पावलाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे वाकवून भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्यायचं. डाव्या पायाला भिंतीपासून सहा बोटं जमलं. उजव्याला दीड. सूज गेली म्हणून मी जो घोटा बरा समजत होतो, तो पुढे वाकतच नव्हता.

"आता उजव्या पायावर उभे राहा. डोळे मिटून."

घोट्याच्या लिगामेंटमध्ये नुसते दोर नसतात, त्यात बारीक मज्जातंतूंची टोकंही असतात. पाऊल कुठे टेकलंय, किती कललंय, ही खबर ती क्षणाक्षणाला मेंदूला देत असतात. लिगामेंट फाटतं तेव्हा हा निरोप्याही जखमी होतो. डोळे उघडे असतील तर डोळे ती उणीव भरून काढतात. डोळे मिटले की खरी परिस्थिती कळते. माझी परिस्थिती तीन सेकंदांची होती.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो, हे मला त्या तीन सेकंदांत कळलं. शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचा पाय दर महिन्याला मुरगळायचा आणि आम्ही त्याला नाजूकनार म्हणायचो. त्याचा निरोप्या कुणी परत कामावर लावलाच नव्हता.

बर्फाबद्दल मी विचारलं, कारण मला त्याचा अभिमान होता. विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर, याला इंग्रजी आद्याक्षरांनी राइस म्हणतात. ते सूत्र गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरनं १९७८ साली मांडलं आणि बऱ्याच वर्षांनी त्यानंच म्हटलं की फार बर्फ आणि फार विश्रांतीनं बरं होणं उलट लांबू शकतं. ताई म्हणाल्या, "दुखणं कमी करायला बर्फ ठीक. पण बर्फानं लिगामेंट जुळत नाही. ते जुळतं बेतानं वजन टाकल्यानं." डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकं हेच नव्हतं, आणि मी दहा दिवस नवाबासारखा दिवाणावर होतो.

व्यायाम वरून अगदी पोरकट. हवेत अंगठ्यानं बाराखडी काढायची. ताईंनी एबीसीडी सांगितली होती, मी क-का-कि-की काढायचो, त्यात वळणं जास्त आहेत. 'ळ' काढताना घोटा कण्हायचा. रबरी पट्टा पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एका. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ब्रश तोंडात, एक हात बेसिनवर, आणि आरशात स्वतःचाच डुगडुगणारा चेहरा. बायकोनं दाराशी खुर्ची आणून ठेवली, आधाराला म्हणून. खरं तर बसून बघायला.

४ नोव्हेंबरला सकाळी बातमी आली, हार्दिक वर्ल्डकपमधून बाहेर, जागी प्रसिद्ध कृष्णा. म्हणजे पंधरा दिवस त्याची जागा राखून ठेवली होती. एकदा बदली खेळाडू घेतला की मूळचा सहजी परत येत नाही, म्हणून सगळे शेवटपर्यंत थांबले. पुढे त्यानं एका मुलाखतीत सांगितलं की लवकर परतायच्या नादात घोट्यात तीन ठिकाणी इंजेक्शनं घेतली, साकळलेलं रक्त काढावं लागलं, आणि घाई केल्यानं पुन्हा दुखापत झाली. त्याच्याकडे बंगळुरूची अकादमी, स्कॅन, चोवीस तास माणसं. माझ्याकडे तुरटी. चूक मात्र दोघांची एकच, आणि हे लिहिताना मला थोडा वाईट प्रकारचा आनंद होतो आहे.

७ नोव्हेंबरला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सवेलनं अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ केले तेव्हा आमच्या घरी मला टोमणे सुरू झाले. ७ बाद ९१ वरून, पेटक्यांनी आडवा पडत, पाय न हलवता. मेहुणा फोनवर म्हणाला, "बघ, याला म्हणतात जिद्द. तू बस बाराखडी काढत." दुसऱ्या दिवशी मी ताईंना हे जसंच्या तसं ऐकवलं. त्या हातातला पट्टा न थांबवता म्हणाल्या, "पेटका म्हणजे स्नायू दमलेला. पाणी, मीठ, ताणून धरलं की सुटतो. लिगामेंट फाटलेलं असतं तर पहिल्या सिक्सरला खाली बसला असता. तुमच्या मेहुण्यांना विल्यमसनचं सांगा." न्यूझीलंडच्या केन विल्यमसनचा गुडघा ३१ मार्चला अहमदाबादेतच गेला होता, आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात, सीमारेषेवर बॉल अडवताना. ऑपरेशन झालं. तो परत खेळला १३ ऑक्टोबरला, म्हणजे साडेसहा महिन्यांनी. आणि त्याच सामन्यात थ्रो लागून अंगठा मोडला! हे मी मेहुण्याला सांगितलं नाही, माझा मुद्दा कमजोर झाला असता.

याच मेहुण्यानं मग बॉम्ब टाकला. तो अहमदाबादला असतो. १९ नोव्हेंबरच्या फायनलचं एक तिकीट त्याच्याकडे जादा होतं, माझ्यासाठी. बडोद्याहून ट्रेननं दोन तास, मग मोटेऱ्याचं ते एक लाखाहून जास्त माणसांचं स्टेडियम. मी तिकिटाचा फोटो ताईंना दाखवला, शाळेत आईची चिठ्ठी दाखवतात तसा. सेमीफायनल नुकतीच झाली होती, कोहलीचं वनडेतलं पन्नासावं शतक, शमीचे सात बळी. सगळं गाव वेडं झालं होतं.

ताई नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "उजव्या पायावर उभे राहा, डोळे मिटा." मी राहिलो. सहा, सात, आठ. नवव्या सेकंदाला त्यांनी दोन बोटांनी माझ्या खांद्याला हलकेच ढकललं. मी सरळ टेबलावर.

"स्टेडियमच्या पायऱ्यांवर लोक दोन बोटांनी ढकलत नाहीत, काका."

तिकीट भाच्याला गेलं. फायनल मी दिवाणावर बघितली, आता दिवाण टीव्हीसमोर सरळ होता आणि पाय खाली. भारत २४०. ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सच्या बॉलवर कोहलीच्या बॅटची कड लागून स्टंप उडाला आणि टीव्हीतून शांतता ऐकू आली. मग ट्रॅव्हिस हेड आला आणि १३७ करून गेला. या हेडचा हात सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत मोडला होता. अर्धी स्पर्धा तो संघात असून नव्हता, ऑस्ट्रेलियानं त्याची जागा रिकामी ठेवून वाट बघितली. २८ ऑक्टोबरला पहिल्यांदा उतरला तो १०९ मारूनच. आपण वाट बघितली तो घोटा आला नाही, त्यांनी वाट बघितली तो हात आला. याला संघनिवड म्हणायचं की नशीब, मला ठरवता येत नाही, पण त्या रात्री आमच्या गल्लीत सगळ्यांचं ठरलं होतं. पीच.

भाचा पहाटे घरी पोचला. त्याचा मेसेज होता, "मामा, बरं झालं आला नाहीस. तीन किलोमीटर चाललो आणि कुणी बोलत नव्हतं."

डिसेंबरात उजवा गुडघाही सहा बोटांवरून भिंतीला टेकला. डोळे मिटून तीस सेकंद जमायला जानेवारी उजाडला. त्याच महिन्यात उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीत पतंगाच्या मागे मागे चालताना एकदा पाय कडेवर कलला आणि मी काही करायच्या आत तो आपोआप सरळ झाला. मी तिथेच थांबलो. पतंग कापला गेला, मुलगी ओरडली, "बाबा, ढील का नाही दिली?"

जानेवारीच्या शेवटी, घोट्याला लेसवाली पट्टी बांधून, पंधरा मिनिटं वॉर्म-अप करून कोर्टवर उतरलो. आयपीएल सुरू व्हायला दोन महिने होते आणि हार्दिक अजून मैदानात आलेला नव्हता, एवढ्या एका बाबतीत मी त्याच्या पुढे. जोडीदार खिशातून खडू काढून आला होता. त्यानं कोर्टच्या आमच्या अर्ध्या भागात मधोमध एक रेघ ओढली आणि म्हणाला, "आ तरफ तमे, आ तरफ हुं." पहिला शटल बरोब्बर रेघेवर पडला. दोघंही जागचे हललो नाही.